मुलांचं गणित वहीबाहेर कसं काढायचं: कोल्हापुरातल्या आई-बाबांसाठी

पाढे तोंडपाठ असतात, चाचणीत गुणही बरे असतात, आणि तरी "पाऊण किलोचे किती झाले?" असं दुकानात विचारलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. अशी मुलं मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतात, आणि ती चांगली हुशार असतात. त्यांना गणित येतं. ते कुठं लागतं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

गेली काही वर्षं मी माझ्या दोन मुलांबरोबर आणि सुट्टीत गल्लीतल्या पोरांबरोबर हे करत आले आहे. त्यातून एकच नियम हाती लागला आणि बाकी सगळं त्यातूनच येतं: ज्या गणिताचं उत्तर घरात कुणाला तरी खरोखर हवं आहे, ते गणित मुलाला द्या. "रामकडे १२ आंबे होते" या रामशी मुलाचं काही देणंघेणं नसतं. पुण्याच्या मावशीला किती चटणी पाठवायची, हे उत्तर चुकलं तर चटणी कमी पडते. मुलाला हा फरक लगेच कळतो.

खालच्या पायऱ्या साधारण पहिली ते सातवीच्या मुलांसाठी आहेत. सगळ्या करायलाच हव्यात असं नाही. ऋतू बघून निवडा.

काय काय लागेल

- शिवणाची टेप, आणि गवंड्याकडे असते तशी पाच मीटरची टेप
- १३२ फूट सुतळी (१३२च का, ते पाचव्या पायरीत)
- चौकटीची वही, पेन्सिल, खडू
- भिंतीवरचं कॅलेंडर
- स्वयंपाकघरातला वजनकाटा, असेल तर
- थोडे सुटे पैसे

मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल, पण शेवटी पडताळा घेण्यापुरताच. ॲप, किट, महागडे खेळ यांतलं काहीही विकत घेऊ नका.

१. आधी अंदाज, मग मोजणी

ही सवय लागल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांत मजा येत नाही. काहीही मोजायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, आई-बाबांनीसुद्धा. मग मोजायचं आणि कोण किती जवळ होतं ते बघायचं.

एक किलो शेंगदाण्यांत दाणे किती? सगळे मोजत बसायची गरज नाही. ५० ग्रॅम तोला, तेवढेच मोजा आणि २०ने गुणा. ही युक्ती मुलाला आधी सांगू नका. थोडा वेळ मोजून कंटाळलं की बहुतेक मुलांना ती स्वतःच सुचते.

पोलीस उद्यानातला ध्वजस्तंभ ३०३ फूट उंच आहे. आकडा सांगण्याआधी विचारा, किती मजली इमारतीएवढा असेल? मजल्याला दहा फूट धरले तर तीस मजले होतात. माझ्या मुलीचा अंदाज बाराचा होता. तीस ऐकल्यावर ती मान वर करून बराच वेळ बघत राहिली. रंकाळ्याच्या काठाने चालताना मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि पूर्ण फेरीची पावलं काढा. एका पावलाची लांबी टेपने घेतली की रंकाळ्याचा घेर मुलाने स्वतः मोजलेला असतो.

"चुकलं" हा शब्द इथे वापरू नका. "किती लांब होतास?" एवढंच विचारा.

२. बाजाराची जबाबदारी द्या

मुलाला बाजारात नुसतं बरोबर नेऊ नका, बाजारच त्याच्या हाती द्या. लक्ष्मीपुरी किंवा कपिलतीर्थ मंडईत जाताना त्याच्या हातात २०० रुपये आणि चार भाज्यांची यादी ठेवा. किती घ्यायचं ते पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असंच लिहा.

पाऊण किलोचा हिशेब अपूर्णांकांच्या गुणाकाराने शिकवू नका. भेंडी ८० रुपये किलो असेल तर अर्ध्याचे ४०, त्याच्या निम्मे २०, मिळून ६०. सव्वा किलोचे ८० अधिक २०, म्हणजे १००. दीड किलोचे १२०. अडीचचे २००. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणायला सांगा. अनेकांना आजही येतात. "पंधरा पाऊण सव्वाअकरा" हे आजोबांच्या तोंडून एकदा ऐकलं की अपूर्णांक हे पुस्तकातलं काहीतरी परकं प्रकरण राहत नाही.

सुटे परत घेताना वजाबाकी करायला लावू नका, पुढे मोजायला शिकवा. ७३ रुपये झाले आणि शंभरची नोट दिली, तर ७३वरून ७५ (दोन), ८० (पाच), १०० (वीस), म्हणजे सत्तावीस परत. भाजीवाल्या मावशी असंच मोजतात.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे गर्दीची वेळ. संध्याकाळी सात वाजता मागे माणसं खोळंबलेली असताना मुलाला हिशेब करायला लावणं म्हणजे त्याला घाबरवणं. दुपारी किंवा सकाळी जरा निवांत वेळेला जा. दुसरी गोष्ट मोबाईलवरून पैसे देण्याची. कोड स्कॅन केला की पैसे जातात, सुटे परत येत नाहीत, आणि मुलाला हिशेब दिसतच नाही. सुरुवातीचे काही महिने या कामासाठी रोख वापरा.

आणि मूल अडलं तर मनात वीसपर्यंत मोजा. तोपर्यंत बोलू नका. मला हेच सगळ्यात अवघड गेलं.

३. चटणीच्या दिवसांत प्रमाण शिकवा

गुणोत्तर आणि प्रमाण शिकवायला कोल्हापुरात मार्च ते मे यासारखा काळ नाही. घरोघरी मिरच्या वाळत असतात, डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीवर, रांगा असतात. किलो मिरचीला काय किती हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. आमच्याकडे धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, लसूण पाव किलो, तीळ १०० ग्रॅम. तुमचं प्रमाण आजीला विचारून मुलाकडून वहीत लिहून घ्या.

मग प्रश्न असा की यंदा साडेतीन किलो मिरची आहे, तर बाकीचं किती आणायचं? धणे साडेतीन पाव, म्हणजे ८७५ ग्रॅम. तीळ ३५० ग्रॅम. ही यादी मुलाने करायची आणि तीच घेऊन दुकानात जायचं. तुम्ही आधी मनात हिशेब करून ठेवा, म्हणजे चटणी बिघडणार नाही, पण यादी त्याचीच न्या.

सहावी-सातवीच्या मुलांसाठी इथे आणखी एक छान गणित आहे. समजा रंगासाठी ब्याडगी २ किलो घेतली, ३०० रुपये किलोने, आणि दुसरी एक मिरची १ किलो, ४५० रुपये किलोने. तर मिसळलेली मिरची किलोला कितीला पडली? बहुतेक मुलं (आणि बरीच मोठी माणसंही) ३०० आणि ४५०च्या मधला आकडा सांगतात, ३७५. खरं तर ६०० अधिक ४५०, म्हणजे १०५० रुपयांत ३ किलो, म्हणून ३५० रुपये. स्वस्त मिरची जास्त घेतली म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. हे फळ्यावर समजवायला वेळ लागतो, पुढ्यात मिरच्यांचे दोन ढीग असले की लगेच कळतं.

भाजण्याआधी आणि भाजल्यावर वजन करून बघा. कमी का झालं, ते मुलालाच विचारा.

४. पंचगंगेची पातळी वहीत मांडा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो: राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर आहे. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. मुलं हे आकडे ऐकत असतातच. चौकटीच्या वहीत आडवी रेघ वेळेची आणि उभी रेघ फुटांची काढा. ३९ आणि ४३वर दोन ठळक रेघा मारा आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक ठिपका द्या.

इथला सगळ्यात मोठा सापळा फूट-इंचाचा आहे. ३८ फूट ३ इंच म्हणजे ३८.३ फूट नव्हे. फुटात १२ इंच, म्हणून ३ इंच म्हणजे पाव फूट, ३८.२५. पुष्कळदा निरोपांत फूट आणि इंच यांच्यामध्ये नुसता ठिपका दिलेला असतो, आणि मग ३८.१० हे ३८.९पेक्षा कमी वाटायला लागतं. प्रत्यक्षात ३८ फूट १० इंच हे ३८ फूट ९ इंचांपेक्षा जास्तच आहे. दशांश चिन्हाचा अर्थ मुलाला यापेक्षा स्वच्छ कुठं दिसणार?

मग वेग काढा. समजा सकाळी आठला ३६ फूट ९ इंच होतं आणि रात्री आठला ३८ फूट ३ इंच. बारा तासांत १८ इंच वाढलं, म्हणजे तासाला दीड इंच. इशारा पातळीला अजून ९ इंच बाकी आहेत. याच वेगाने वाढलं तर सहा तास, म्हणजे रात्री दोन वाजता.

पण "याच वेगाने वाढलं तर" या शब्दांवर थांबा आणि बोला. वरच्या भागात पाऊस वाढला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, किंवा पाणी काठ सोडून शेतांत पसरलं, की वेग बदलतो. दुसऱ्या दिवशी ठिपका रेघेवर पडत नाही. का पडला नाही, हे शोधताना मुलं नकाशा काढतात, धरणांची नावं विचारतात, पावसाचे आकडे बघतात.

एक विनंती आहे. सुतारवाड्यासारख्या नदीकाठच्या भागात राहणाऱ्या मुलांसाठी हा खेळ नाही. त्यांच्या घरात पाणी येतं. त्यांच्याबरोबर हे करायचं तर गंभीरपणे करा. पाणी किती वेगाने चढतंय हे आकड्यात कळलं की काही मुलांची भीती कमी होते. एखादं मूल मात्र आणखी घाबरतं, तिथे वही बंद करा. आणि घर कधी सोडायचं हे वहीतल्या रेघेवरून ठरवू नका, प्रशासनाची सूचना आली की निघा.

५. सुतळीने गुंठा आखा

आपल्याकडे जमिनीचं बोलणं गुंठ्यांत चालतं, पण एक गुंठा केवढा हे पुष्कळ मुलांनी कधी पाहिलेलं नसतं. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. चारी बाजूंचे मिळून १३२ फूट होतात, म्हणून तेवढी सुतळी. मैदानावर चार मुलं चार कोपऱ्यांवर उभी करा.

कोपरा काटकोनात आहे की नाही? गवंडी गुण्या लावून बघतो, आणि मोठ्या आखणीला टेपने ३-४-५ची खूण धरतो. एका बाजूवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खडूने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. पायथागोरस पुस्तकात येईल तेव्हा येईल.

आता तीच सुतळी ४४ बाय २२ अशी धरा. सुतळी तेवढीच, पण क्षेत्रफळ ९६८. ६० बाय ६ धरा, फक्त ३६०. कुंपण तेवढंच असताना जागा कमी का झाली, यावर आमच्या गल्लीत एकदा चांगलंच भांडण लागलं होतं. त्या दिवसानंतर त्या मुलांनी परिमिती आणि क्षेत्रफळ यांत पुन्हा गोंधळ केलेला मी पाहिला नाही.

गावाकडे शेत असेल तर पुढचा प्रश्न तयार आहे: साडेचार फुटांची सरी सोडली तर गुंठ्याच्या रुंदीत किती सऱ्या बसतील? सात, आणि दीड फूट उरेल. ते उरलेलं दीड फूट काय करायचं, हे काकांना विचारायला लावा.

६. डेअरीची स्लिप

करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही बाजूला घरात म्हैस असेल तर दशांश अपूर्णांकांचा सराव घरीच पडलेला आहे. स्लिपवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर आणि रक्कम असते. सकाळ-संध्याकाळच्या स्लिपा मुलाला जपून ठेवायला सांगा, आणि बिल आलं की बेरीज जुळते का ते त्याने बघायचं. फॅट कमी कधी लागली, त्या दिवशी चारा काय होता, तेही एका रकान्यात लिहा.

७. किरणोत्सव आणि कॅलेंडर

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, तो किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. मुलाला कॅलेंडर द्या आणि एवढंच विचारा: हेच दिवस का?

१० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजायला सांगा, ४१ येतात. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. जवळजवळ सारखेच! सूर्य मावळण्याची जागा हिवाळ्यात रोज दक्षिणेकडे सरकते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि परत फिरते. म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा, अशी दोन वेळा ती एकाच जागी येते. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांच्या डोक्यात केवढं गणित असेल, असं माझा मुलगा म्हणाला. मला त्याहून चांगलं वाक्य सुचत नाही.

गच्चीवरून दर रविवारी मावळतीची जागा बघून कठड्यावर खडूने खूण करा. खुणा सरकताना दिसायला दोन-तीन आठवडे पुरतात. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तोही दिवस धरा.

८. फुटबॉल, रांगोळी, गाड्यांचे नंबर

ऋण संख्या शिकवायला शाहू स्टेडियम पुरे आहे. आपला संघ २-५ने हरला, गोलफरक उणे ३. पुढची मॅच ४-०ने जिंकली, अधिक ४. एकूण अधिक १. पेठेच्या संघाचा तक्ता ठेवणाऱ्या मुलाला उण्याचं भय वाटत नाही. आठ संघ एकमेकांशी एकेकदा खेळले तर सामने किती, हे विचारा. प्रत्येकाचे सात, म्हणून छप्पन म्हणतील. प्रत्येक सामना दोनदा मोजला गेला हे ध्यानात आलं की अठ्ठावीस.

दिवाळीत ७ ते १ अशी मधल्या ठिपक्यांची रांगोळी घाला: मधली ओळ सातची, वर आणि खाली सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. ठिपके किती? ४९. सात सत्ते एकोणपन्नासच कसे आले? मान तिरकी करून बघा, सात बाय सातचा चौकोन कोपऱ्यावर उभा आहे.

जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जाताना समोरच्या एमएच ०९ गाडीचा चार आकडी नंबर घ्या. समजा ३५२४. अंक उतरते लावा, मग चढते लावा आणि वजा करा: ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ला तेच करा, ६१७४च येईल. चारही अंक सारखे नसतील तर कुठल्याही नंबरावरून जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचता येतं. ही गंमत शोधली ती देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी, आणि जगभर हा आकडा त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुलांना हे जरूर सांगा. मधला शून्य मात्र टाकून देऊ नका. ०३७८ हा चार अंकांचाच धरायचा, नाहीतर उत्तर भलतीकडे जातं.

या चार गोष्टी टाळा

पाहुण्यांसमोर "सांग बघू सतरा सत्ते किती?" असं विचारू नका. दोन भावंडांना एकच प्रश्न देऊन कोण आधी सांगतं ते बघू नका, धाकट्याचं मन कायमचं उडतं. "मलाही गणित कधी जमलं नाही" हे मुलासमोर बोलू नका, त्याला ती सवलत वाटते. आणि प्रत्येक फेरफटक्याला तास लावू नका. रंकाळ्यावर भेळ खायला गेलात तर भेळच खा.

शाळेचा अभ्यास याने सुटत नाही. पाढे, उभी मांडणी, सराव हे सगळं लागतंच. ज्या आठवड्यात चाचणी असेल त्या आठवड्यात यातलं काही करू नका.

कुठून सुरुवात करायची

पहिली-दुसरीचं मूल असेल तर शेंगदाणे आणि सुटे पैसे. तिसरी-चौथीला मंडई आणि रांगोळी. पाचवीच्या पुढे सुतळी, गोलफरक आणि नदीची वही. आठवड्याला एकच गोष्ट करा, अर्ध्या तासाच्या वर नको. वहीच्या पहिल्या पानावर मुलालाच त्याच्या मनातला एक प्रश्न लिहायला सांगा, आणि पहिल्या रविवारी वरची यादी बाजूला ठेवून तोच घ्या.